तळणीचे खग्रास सूर्यग्रहण, १८९८

वऱ्हाडातील तळणी (जि. अमरावती) येथून २२ जानेवारी १८९८ रोजी दिसलेले खग्रास सूर्यग्रहण. धामणगाव व पुलगाव यांदरम्यानच्या लोहमार्गावरील या गावी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने त्याचे वेध घेतले. ग्रिनिच वेधशाळेतील ज्योतिर्विद एडवर्ड वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी ॲनी माँडर हे या तुकडीत होते.

त्या काळी पृथ्वीवरील चुंबकीय वादळांचे कारण वादग्रस्त होते. सौर डाग वाढले की ही वादळेही वाढतात, असे आढळले होते. परंतु लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात हा संबंध नाकारला. आठ तासांच्या एका मध्यम वादळासाठी सूर्याला एरवीच्या चार महिन्यांच्या उष्णता व प्रकाशाइतकी ऊर्जा खर्चावी लागेल, असे त्यांचे गणित होते. सूर्याचा परिणाम सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे त्यामागील गृहीत होते.

तळणी येथे ॲनी माँडर यांनी सु. ३·८ सेंमी. व्यासाच्या भिंगाचा लहानसा कॅमेरा वापरला. त्यांच्या छायाचित्रांत सूर्याच्या किरीटातून (सर्वांत बाहेरील विरळ आवरणातून) निघालेली एक अरुंद शलाका सु. एक कोटी किमी. अंतरापर्यंत गेलेली दिसली. इतकी लांब शलाका तोपर्यंत छायाचित्रित झालेली नव्हती.

ग्रिनिच येथील नोंदी तपासून वॉल्टर माँडर यांनी १९०४ मध्ये दाखविले की, चुंबकीय वादळे सु. २७ दिवसांनी, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याच्या परिवलनकालानंतर, पुन्हा उद्भवतात. यावरून सूर्याचा परिणाम ठराविक दिशांच्या अरुंद प्रवाहांतून होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला व या प्रवाहांची सांगड किरीटातील शलाकांशी घातली. त्यामुळे केल्व्हिन यांच्या आक्षेपाचा आधारच निखळला.

अतितप्त किरीट सतत बाहेर वाहत असला पाहिजे, असे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये प्रतिपादिले. परीक्षकांचा विरोध असूनही संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी तो लेख प्रसिद्ध केला. १९६२ मध्ये मरिनर–२ या यानाने या सौरवाताची खात्री पटविली. नियमितपणे उद्भवणाऱ्या वादळांचे प्रवाह शलाकांतून नव्हे, तर मुख्यतः किरीटातील विवरांतून निघतात, हे १९७३ नंतर स्कायलॅबच्या निरीक्षणांमुळे स्पष्ट झाले. माँडर यांनी घातलेली सांगड त्यामुळे दुरुस्त करावी लागली. दिशाबद्ध प्रवाहांची मूळ कल्पना मात्र टिकून राहिली.