'सिन्स फोर मंथ्स' आलं कुठून?

वडशाहून पुण्याला आलो, पहिल्याच इंटरव्ह्यूत बोललो, 'आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स फोर मंथ्स.' समोरचे हसले. चूक सापडली का?

'आय हॅव बीन स्टेइंग हिअर फॉर फोर मंथ्स' पाहिजे होतं. आपलं 'पासून' जूनलाही लागतं, चार महिन्यांनाही. इंग्रजीत 'सिन्स' फक्त सुरुवातीला, मुदतीला 'फॉर'. शिवाय मराठीत नुसतं 'राहतोय' पुरतं.

जुन्या पिढ्यांनी तर्खडकर भाषांतर पाठमाला गिरवली: मराठी वाक्य घ्या, इंग्रजीत उतरवा. २००० मध्ये महाराष्ट्राने इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आणलं. मी त्यानंतरच्या बॅचचा. तरी डोक्यात पाठमालाच चालू! तुमचा शेवटचा मेल उघडा ना, 'सिन्स' शोधा.