स्पर्धेतील रोबो : पूरक उपकरणांचा वीजपुरवठा

स्पर्धेच्या रोबोवर मोटारींखेरीज रेडिओ, कॅमेरा, छोटा संगणक, एलईडी पट्ट्या, सेन्सर अशी उपकरणे असतात. त्यांना वीज पुरवण्याची व्यवस्था. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’चे नियम याबाबत तपशीलवार असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्या स्पर्धेला धरून आहे.

विजेचे तत्त्व : या उपकरणांना वीज किती लागते यापेक्षा ती अखंड मिळते का, हा खरा प्रश्न आहे. रेडिओ-कॅमेऱ्याची गरज काही वॉटचीच. १२ व्होल्ट, सुमारे १८ अँपिअर-तास क्षमतेच्या लेड-ॲसिड बॅटरीला ते ओझे जाणवतही नाही. घोटाळा मोटारी करतात. या रोबोंवरील ‘सिम’ जातीची मोटार जाम झाली की सुमारे १३१ अँपिअर ओढते. चार मोटारी मिळून ३०० अँपिअर ओढत असतील आणि बॅटरी व वायरींचा एकत्रित रोध ०.०२ ओहम धरला, तर ६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा असला तरी तो तापल्यावर तुटणारा. असा क्षणिक झटका तो पचवतो. ‘रोबोरिओ’ नियंत्रकाची पहिली आवृत्ती ६.३ व्होल्टला मोटारी थांबवते आणि स्वतः ४.५ व्होल्टपर्यंत तग धरते. थेट बॅटरीच्या विद्युतदाबावर जोडलेल्या रेडिओला अशी सोय नसते. तो बंद पडून पुन्हा जोडला जाईपर्यंत सुमारे अडीच मिनिटांच्या सामन्यातला मोलाचा वेळ जातो. म्हणून मधे रेग्युलेटर हवा : बॅटरी खाली गेली तरी तो १२ किंवा ५ व्होल्ट स्थिर देतो.

आक्षेप : एवढ्या खटाटोपापेक्षा वेगळी पॉवर बँक बरी, असे म्हटले जाते. काही वर्षांच्या नियमांनी मर्यादित क्षमतेची पॉवर बँक संगणकापुरती मान्यही केली. तिने दाब कोसळण्याचा प्रश्न सुटतो; पण मुख्य स्विच पाडल्यावरही रोबोवर ऊर्जा शिल्लक राहते आणि धडकांत ती पेटी घट्ट बांधून ठेवावी लागते. दुसरा समज असा, की ब्रेकर उपकरणाला वाचवतो. वास्तविक तो आधी वायरला वाचवतो. त्यामुळेच ४० अँपिअरच्या ब्रेकरला किमान १२ गेज, ३० ला १४ आणि २० ला १८ गेजची वायर लागते. अर्धा अँपिअर खाणाऱ्या कॅमेऱ्याला केसासारखी वायर पुरते खरी, पण २० अँपिअरच्या ब्रेकरमागे ती शॉर्ट झाली तर ब्रेकर पडण्याआधी वायरच शेगडीच्या तारेसारखी लाल होईल. अशा वेळी वायर जाड घ्यावी किंवा ब्रेकर लहान.

तपासणी : सांगाडा विजेपासून अलग असावा, बॅटरी काढून मल्टिमीटरने पाहावे. प्रत्येक वायर बोटांनी ओढून पाहावी. सुटली तर जोड कच्चा.