पाठ एक सांगते, पोट दुसरे

इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातखाचरांच्या बांधात बिळे करणारा काळसर खेकडा उलटा केला की पोटाशी दुमडलेली पाती दिसते. नराची अरुंद, मादीची रुंद. पण डावी-उजवी बाजू दोघांचीही सारखी. दख्खनच्या या खेकड्यांची दखल कर्नल साइक्स आणि वेस्टवूड यांनी १८३६ सालीच घेतली होती. बांधावरच्या या खेकड्याशेजारी पॅरालोमिस इन्व्हेस्टिगेटोरिस ठेवून पाहावा. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने हिंदुस्थानलगतच्या खोल समुद्रातून वर आणलेला आणि अल्कॉक व अँडरसन यांनी १८९९ मध्ये नाव दिलेला हा प्राणी किंग क्रॅबच्या कुळातला. (पाठ्यपुस्तकात ‘किंग क्रॅब’ म्हणून येणारा लिम्युलस वेगळा, तो विंचू-कोळ्यांच्या जवळचा.) पाठीवरून दोघे भाऊबंद वाटतात. पण नांग्या सोडून पाय मोजले, तर आपल्या खेकड्याला चार जोड्या आणि याला तीनच. चौथी बारीक होऊन कल्ल्यांच्या पोकळीत दडलेली असते आणि कल्ले साफ करते. मादीची पाती तर सरळ वाकडी: तिची डावीकडची कवचे मोठी, आणि अंडी धरणारे उपांगही, पहिली जोडी सोडली तर, डाव्याच बाजूला.

हे वाकडेपण आले कुठून? शंखात राहणाऱ्या खेकड्यांकडून, असे माझे मत आहे. बहुतेक शंखांचा पीळ उजवा. त्यात बसणारे मऊ पोट उजवीकडे वळते आणि उपांगे डावीकडेच उरतात. किंग क्रॅबने शंख सोडला, पोटावर कवच चढवले, पण वळण राहिले. शंखाच्या मापापुरतेच वाढता येते. तो सोडल्यावर अंग थोराड व्हायला मोकळीक मिळाली असावी. कोणी म्हणेल, वाकडेपणा स्वतंत्रपणेही येऊ शकतो. येऊ शकतो, पण मग नेमकी डावीच बाजू का, आणि अळी सरळ असताना प्रौढ मादीच वाकडी का? १९९७ मध्ये मॅक्लॉफ्लिन आणि लमेत्र यांनी मांडलेला आक्षेप अधिक वजनदार होता: प्रवास उलटा झाला असेल, किंग क्रॅबसारख्या प्राण्यापासून शंखवासी निघाले असतील. मात्र कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच जनुकीय पुराव्यावरून किंग क्रॅबची फांदी शंखवासींच्या झाडातच फुटलेली दाखवली होती, सुमारे १.३ ते २.५ कोटी वर्षांपूर्वीची. पुढच्या जनुकीय अभ्यासांनीही या कुळाला शंखवासींमध्येच जागा दिली. उलट्या प्रवासाला हे झाड जुळत नाही.

वस्तीही हेच सुचवते. किंग क्रॅबच्या कुळातले, शंखवासींसारख्या मऊ पोटाचे नातेवाईक फक्त उत्तर पॅसिफिकच्या थंड, उथळ पाण्यात सापडतात. मूळ गाव बहुधा तेच. अलास्काकडे किंग क्रॅब किनाऱ्याजवळही येतो, पण उष्ण कटिबंधात वरचे पाणी त्याला सोसत नाही, म्हणून तो शेकडो मीटर खाली, थंडाव्यात राहतो. आपल्या समुद्रातला पॅरालोमिस तिथलाच रहिवासी, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरच्या टोपलीत तो दिसत नाही.