रोशा गवत आणि कोणता बालाघाट?

पावसाळा सरता सरता मराठवाड्यातल्या डोंगरउतारांवर एक उंच गवत तांबूस तुऱ्यांमुळे लांबूनही ओळखू येते. पानाचा तळ रुंद, हृदयाकृती, खोडाला वेढणारा. पान चुरगळले की गुलाबाची आठवण करून देणारा वास येतो. हेच रोशा गवत, आयुर्वेदाच्या ग्रंथांतले रोहिष. ‘रोशा’ हे नाव इंग्रजी ‘रोज’वरून आले असे कुणाला वाटेल, पण मूळ शब्द रोहिष आहे, गुलाबाशी त्याचे नाते नाही.

त्याचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे क्लॉड मार्टिन. जन्म १७३५, फ्रान्समधल्या लिआँ शहरात. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात जनरल झाला आणि लखनौला स्थायिक झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८२० साली छापला गेला. त्यात ते सांगतात की, टिपूविरुद्धच्या लढाईत असताना मार्टिनने या गवताचे बी बालाघाटच्या डोंगराळ भागात गोळा केले आणि लखनौला नेऊन पेरले. गुरे हे उग्र वासाचे गवत अधाशासारखी खात. त्यांच्या दुधालोण्याला, मांसालासुद्धा तो वास लागे. म्हणूनच मार्टिनचे त्याकडे लक्ष गेले. माणूस लढाईवर आणि नजर गुरांच्या चाऱ्यावर!

पाटोदा, केज, अंबाजोगाईच्या शिक्षकांना हे वाचून आनंद होईल: आपलाच की हा बालाघाट! पण नकाशा उघडावा. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट, खालचा तो पायनघाट. वऱ्हाडात ही जोडी होती, मध्य प्रदेशात बालाघाट जिल्हा आहे, आणि दक्षिणेत पूर्व घाटावरच्या मुलखाला कर्नाटक बालाघाट म्हणत. १७९०–९२च्या युद्धात कॉर्नवॉलिसचे सैन्य मद्रासकडून घाट चढून बंगळूर, श्रीरंगपट्टणकडे गेले. मार्टिन त्याच सैन्यात होता. तेव्हा त्याचे बी दक्षिणेकडचे, बीडचे नव्हे.

गुलाबाचे नाते नावात नसले तरी रसायनात मात्र आहे. रोशाच्या तेलात बहुतांश जिरॅनिऑल असते आणि गुलाबाच्या अत्तरातही ते एक मुख्य द्रव्य आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशात गवत उकळून काढलेले ‘रोशेल’ मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तिथून ते बल्गेरियात पोचे आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. व्यापारी त्याला ‘टर्किश जिरेनियम ऑइल’ म्हणत. म्हणजे याही नावात गाव भलतेच आणि झाडही भलतेच!