धाहरानची टेकडी

रास अल खैरला सगळं आहे. बंदर आहे, रेल्वे आहे, मी कामाला आहे तो अ‍ॅल्युमिनियमचा स्मेल्टर आहे, खताचे कारखाने आहेत, समुद्राचं पाणी गोडं करून रियाधपर्यंत पोचवणारा जगातल्या मोठ्यांत मोजला जाणारा प्लांट आहे. कॉलेज मात्र नाही. आमच्याकडे कामाला येणारे सौदी इंजिनिअर जिथं घडतात ती जागा इथून दक्षिणेला दीडशेहून जास्त किलोमीटरवर, धाहरानच्या टेकडीवर आहे: किंग फाहद युनिव्हर्सिटी ऑफ पेट्रोलियम अँड मिनरल्स. अरबी बोलणारे तिला नुसतं ‘जामिआ’, म्हणजे विद्यापीठ, म्हणून मोकळे होतात.

कॅम्पच्या मेसमध्ये आपली माणसं जमली की विषय शेवटी तिथंच येतो. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रिन्यू होणार का, कुणाला एक्झिट लागली, कोणत्या डिपार्टमेंटमध्ये सौदी पोरं वाढली. २०११ साली ‘निताकात’ आलं, नोकरीला सौदी किती त्यावरून कंपन्यांना हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांत बसवलं गेलं, आणि त्याच वर्षी आभाळ कोसळलं असं आमच्यातले बरेच जण धरून चालतात. मला ते कधी पटलं नाही. आमच्या खुर्च्यांचं भवितव्य त्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं, आणि ते ठरवणारी संस्था उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी टेकडीवर बांधलेली आहे.

टेकडीची गोष्ट तेलापासून सुरू होते. १९३२ साली बहारीनला तेल लागलं. तिथून समुद्रापलीकडे ही टेकडी डोळ्यांना दिसते. भूगर्भवाल्यांनी ती पाहून अंदाज बांधला की खालचा खडक तसाच वर उचललेला असणार. २९ मे १९३३ रोजी जेद्दाहला कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलशी करार झाला. पुढची पाच वर्षं विहिरीमागून विहीर निराशा देत गेली, आणि मार्च १९३८ मध्ये सात नंबरची विहीर लागली. विद्यापीठ आज ज्या डोंगररांगेवर उभं आहे तिच्याच अंगाखांद्यावर ही विहीर आहे.

त्या १९३३ च्या करारात एक कलम होतं, ते आमच्या मेसमधल्या प्रत्येकानं एकदा वाचायला हवं. कामाची देखरेख अमेरिकन माणसं करतील, पण जमेल तिथवर नोकरीला सौदी नागरिक घेतले जातील, असा त्याचा आशय. ‘जमेल तिथवर’ हा फार सोयीचा शब्दप्रयोग. त्या करारातून उभ्या राहिलेल्या अरामको या तेल कंपनीनं तो बराच काळ सोयीनं वापरला. धाहरानला कुंपणाच्या आत अमेरिकनांची एअरकंडिशन्ड घरं आणि हिरवळ, आणि बाहेर सौदी मजुरांच्या खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या. मध्ये कुठंतरी आपल्याकडून आणि इतर देशांतून आलेले कारकून, फिटर, मेकॅनिक. म्हणजे आपली माणसं त्या उतरंडीत पहिल्यापासून आहेत. ऑक्टोबर १९५३ मध्ये हजारो सौदी कामगारांनी संप केला. मागण्या पगाराच्या, राहण्याच्या जागेच्या, शाळांच्या होत्या. १९५६ ला पुन्हा गडबड झाली. राजानं दोन्ही वेळा हात सैल सोडला नाही. पण आपल्याच जमिनीवर आपण हमालच राहणार का, हा प्रश्न काही दडपला गेला नाही.

त्या काळात वर चढायची वाट एकच होती, परदेशाची. अब्दुल्ला तरीकी टेक्सासला भूगर्भशास्त्र शिकून आले. ते देशाचे पहिले तेलमंत्री झाले आणि १९६० साली ओपेक उभी करणाऱ्यांत होते. अली अल नैमी यांची कथा तर इथं पोरासोरांना तोंडपाठ आहे. १९४७ साली बारा वर्षांचं पोर म्हणून अरामकोत ऑफिसबॉय. कंपनीनं हुशारी हेरली, अमेरिकेला धाडलं. लीहाय विद्यापीठ, मग स्टॅनफर्ड. १९८४ मध्ये ते अरामकोचे पहिले सौदी अध्यक्ष झाले, आणि १९९५ पासून २०१६ पर्यंत तेलमंत्री. गोष्ट मोठीच आहे. पण असल्या गोष्टी सांगायला बऱ्या. त्यांच्या भरवशावर देश चालत नाही. एका नैमीमागे किती पोरं कचेरीत चहाच देत राहिली, ते कुणी लिहून ठेवत नाही.

सप्टेंबर १९६३ मध्ये शाही फर्मान निघालं आणि कॉलेज ऑफ पेट्रोलियम अँड मिनरल्स स्थापन झालं. तरीकींच्या जागी आलेले तेलमंत्री झकी यामानी या कॉलेजच्या पाठीशी होते. तेलखात्यानं कॉलेज काढावं, शिक्षणखात्यानं नव्हे, यातच हेतू कळतो. वर्षभरानं पहिली तुकडी आली: ६७ विद्यार्थी. शिकवण्याची भाषा इंग्रजी. त्यामुळे आधी एक पूर्वतयारीचं वर्ष, ज्यात इंग्रजी आणि गणित घोटून घेतात. ते वर्ष अजून आहे, आणि तिथं पोरं गळतात अशी त्याची ख्याती आहे. पुढे एमआयटी, प्रिन्स्टन, मिशिगन, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांचा एक संघ सल्ल्यासाठी जोडला गेला. अभ्यासक्रम अमेरिकन, विद्यार्थी अरब, आणि मास्तर कुठून कुठून आलेले.

पहिल्या पदवीदान समारंभात इंजिनिअरिंगची पदवी घेऊन किती जण बाहेर पडले? चार. हा आकडा वाचून मला एकदम मुंबई आठवली. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ मध्ये झाले, तेही चारच: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या चौघांनी पुढं काय केलं हे मराठी माणसाला सांगायला नको. आणि मुंबईच्याही आधी, १८५४ ला पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो कशासाठी? बांधकाम खात्याला साहेबाच्या हाताखाली काम करणारी देशी माणसं हवी होती म्हणून. हाताखालचा माणूस शिकला की एक दिवस त्याची नजर वर जाते. साहेबाला हे उशिरा कळलं. इथल्या राज्यकर्त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण नजर वर जावी म्हणूनच त्यांनी कॉलेज काढलं.

माझ्या डिग्रीवर नाव शिवाजी विद्यापीठाचं. सांगलीला शिकलो. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून झालं, म्हणजे धाहरानचं कॉलेज आमच्याहून जेमतेम वर्षानं धाकटं. दोन्ही माळावरचीच. कोल्हापूरचा सागरमाळ तेव्हा ओसाडच होता. पण आमच्याकडे विद्यापीठ आलं ते शेतकऱ्याच्या पोराला पुण्या-मुंबईला जाऊन खोली घ्यायची ऐपत नव्हती म्हणून. ते शिकून कुठं जाणार, याचा विचार कुणी फारसा केला नाही. त्यातलेच आम्ही काही इथं येऊन पडलो. धाहरानला मात्र पोरगा पहिल्या वर्षाला बसायच्या आधी त्याची खुर्ची कुठल्या कंपनीत आहे ते ठरलेलं असायचं. यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही; पण फरक आहे.

धाहरानचं विद्यापीठ पाहायचं होतं. आमच्या गावाकडचा एक पोरगा तिथं स्कॉलरशिपवर एम. एस. करत होता. इथं भारत-पाकिस्तानातली बरीच पोरं अशी येतात. एका शुक्रवारी त्याच्यासोबत आत गेलो. आराखडा ह्यूस्टनच्या कॉडिल रोलेट स्कॉट या वास्तुविशारदांचा, साठच्या दशकातला. शिकवण्याच्या इमारती टेकडीच्या माथ्यावर, राहण्याची जागा खाली. काँक्रीट आहे, पण रंग मातीचा, म्हणून इमारती टेकडीतूनच वर आल्यासारख्या दिसतात. बाहेरच्या बाजूनं उंच, टोकदार कमानींच्या रांगा. खिडकी भिंतीत खोल आत. काच उन्हाला सापडत नाही. एका इमारतीतून दुसरीकडे जायला सावलीतल्या वाटा. ऑगस्टमध्ये पंचेचाळीस डिग्रीच्या वर पारा असताना वर्गातून वर्गात जायचं म्हणजे काय, हे काढणाऱ्यानं पेन्सिल उचलायच्या आधी समजून घेतलेलं दिसतं. मधोमध पाण्याचा टॉवर उभा आहे. लांबून मिनारच वाटतो. आमच्या कॅम्पमध्ये पत्र्याच्या पोर्टा केबिन रांगेनं मांडून ठेवणाऱ्या माणसाला मी एकदा इथं आणून फिरवलं असतं.

तसा धाहरानला त्या दशकात चांगल्या वास्तुकारांचा वावर होता. जवळच्या जुन्या विमानतळाची टर्मिनल १९६१ ची, मिनोरू यामासाकी यांनी काढलेली; पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे काढणारे तेच. सौदी रियालच्या नोटेवर ती इमारत छापली गेली. नागरी विमानं १९९९ मध्ये दम्मामच्या नव्या विमानतळावर गेली, त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीचे जे लोक धाहरानला उतरले ते त्या कमानींखालून गेले, आणि आम्ही नाही.

कॉलेजला १९७५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, १९८६ मध्ये राजे फाहद यांचं नाव लागलं. त्याच १९७५ साली या प्रांतात दुसरं सरकारी विद्यापीठ निघालं, किंग फैसल. त्याचा एक परिसर अल हसाच्या खजुरांच्या बागांत होफूफला आणि एक दम्मामला. २००९ ला दम्माम वेगळं झालं, आणि आता ते इमाम अब्दुर्रहमान बिन फैसल यांच्या नावानं चालतं. धाहरानवाल्यांनी वाळवंटात आत, हफर अल बातिनला कम्युनिटी कॉलेज काढलं होतं. २०१४ मध्ये तेही बाजूला होऊन तिथलं स्वतंत्र विद्यापीठ झालं. सोलापूर विद्यापीठ आमच्या शिवाजी विद्यापीठातून २००४ ला निघालं, तसंच हे. फाळण्या सगळीकडे सारख्याच होतात.

जुबैल या औद्योगिक शहराची कथा निराळी. तिथं रॉयल कमिशनचं इंडस्ट्रियल कॉलेज आहे. ऑपरेटर आणि टेक्निशियन तिथून येतात. आमच्या शिफ्टमध्ये कंट्रोल रूमच्या पडद्यासमोर बसलेला पोरगा बहुधा जुबैलचा, आणि हातात वही घेऊन पॉटलाइनमध्ये, म्हणजे धातू गाळणाऱ्या हौदांच्या रांगेत, ‘असं का’ विचारत फिरणारा धाहरानचा.

अरामकोचं पुढं काय झालं ते पाहा. १९८० पर्यंत सरकारनं ती पूर्ण विकत घेतली. खालिद अल फालिह २००९ मध्ये प्रमुख झाले. ते टेक्सासला शिकले, पण एमबीए धाहरानचं. २०१५ पासून अमीन नासर आहेत. त्यांची पेट्रोलियम इंजिनिअरिंगची पदवीच १९८२ ची, धाहरानची. ऑफिसबॉयला अमेरिकेला धाडायची गरज उरली नाही.

तेलाचं जमलं, पण खाणकाम आणि धातू मागे राहिले होते. १९९७ ला मादेन ही सरकारी कंपनी निघाली, आणि रास अल खैर त्यातून उभं राहिलं. तेव्हा त्याला रास अझ झौर म्हणत. उत्तरेच्या जलामीदहून फॉस्फेट आणि अल बाइथाहून बॉक्साइट रेल्वेनं इथं येतं. भारत इथल्या डीएपी खताचं मोठं गिऱ्हाईक. माझ्या भावाच्या उसाला पडणारं पोतं माझ्या शेजारच्या कारखान्यातनं गेलेलं असू शकतं. स्मेल्टर वर्षाला ७ लाख ४० हजार टन धातूच्या क्षमतेचा. २०१२ च्या डिसेंबरात पहिला रस ओतला गेला. तेव्हा या देशात पॉटलाइन आधी पाहिलेला माणूस सापडणं कठीण. म्हणून आम्ही आलो: कोरबा, रेणुकूट, अंगुल, बहारीन, दुबई करत करत.

पॉट म्हणजे पोलादी हौद. आत साडेनऊशे डिग्रीच्या वर तापलेला क्रायोलाइटचा रस, त्यात अ‍ॅल्युमिना विरघळवायचा आणि वरून कार्बनचे अ‍ॅनोड बुडवून साडेतीन लाख अँपिअरच्या पुढं करंट सोडायचा. चुंबकाचा जोर असा की खिशातलं एटीएम कार्ड कामातून जातं. पॉट बिघडायला लागला की आधी पडदा सांगत नाही. वरचं कवच फुटतं तिथली ज्योत पिवळी पडते, अ‍ॅनोडखालचा आवाज बदलतो. हे धाहरानला शिकवत नाहीत, सांगलीलाही शिकवलं नव्हतं.

माझ्या हाताखाली जो मुहंदिस, म्हणजे सौदी इंजिनिअर, दिला होता, त्याला मी हेच शिकवलं. हुशार. थर्मोडायनॅमिक्स माझ्याहून पक्कं. सुरुवातीला उन्हाळ्यात पॉटपाशी दहा मिनिटं उभा राहायला कुरकुरायचा. वर्षभरानं ज्योतीवरून पॉटचा नंबर लक्षात ठेवायला लागला. तो तयार झाला की माझी फाइल एचआरकडे जाणार, हे त्यालाही माहीत होतं. एकदा कॉफी पिताना त्यानं सरळ विचारलंच, ‘मुहंदिस, तुला राग येत नाही?’ म्हटलं, येतो. पण तुझ्या जागी माझा पोरगा असता तर मी तुझ्याहून घाई केली असती. तो हसला. त्याचे वडील अरामकोत ड्रायव्हर होते, असं त्यानं तेव्हा सांगितलं. त्याची धाकटी बहीण आता जामिआत आहे. २०२१ पासून तिथं मुलींना पदवीला प्रवेश मिळतो. केमिकल घेतलंय म्हणाला, आणि तिचे मार्क त्याच्यापेक्षा जास्त आहेत, हे जरा नाखुशीनंच.

गेल्या वर्षी त्याला एका तेल कंपनीकडून बोलावणं आलं. पगार दीडपट, ऑफिस धाहरानला, एसीत. गेला. पोराला दोष द्यावा असं त्यात काही नाही. एचआरनं माझा काँट्रॅक्ट आणखी वर्षभर वाढवला, आणि या महिन्यात नवीन पोरगा दिलाय. तोही टेकडीवरचाच. उद्या त्याला दोन नंबरच्या लाइनवर घेऊन जायचंय, सेफ्टी बूट अजून स्टोअरमधून यायचेत.