रिकाम्या गोणीचा बंधारा

आज मोहन धारियांविषयी बोलू.

धारिया मूळचे महाड तालुक्यातल्या नाते गावचे. १९७१ आणि १९७७ साली पुण्यातून खासदार झाले. इंदिरा गांधींच्या सरकारात मंत्री असताना, जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. १९७५ मध्ये मंत्रिपद गेलं, आणीबाणीत तुरुंगही घडला. पुढे जनता सरकारात ते व्यापारमंत्री झाले.

सत्तेतून बाहेर पडल्यावर त्यांनी पुण्यात ‘वनराई’ संस्था उभी केली. झाडं, माती आणि पाणी हे तिचं काम. बांधकामावर टाकून दिलेल्या सिमेंटच्या गोण्यांतून बांधायचा बंधारा संस्थेने गावोगाव नेला. म्हणूनच त्याला वनराई बंधारा म्हणतात.

पाऊस ओसरला, ओढ्याची धार बारीक झाली, की गोण्या माती-वाळूने भरून तोंडं शिवायची. विटांसारखे सांधे मोडत थर रचायचे, फटींत माती दाबायची. खर्च थोडा, श्रमदान मोठं. अडलेलं पाणी जमिनीत मुरतं, जवळच्या विहिरींना उतरतं, गुरांना पुरतं. बाईची हंड्यासाठीची पायपीट तेवढी लांबणीवर पडते.

एक मात्र सांभाळा. उन्हाने गोणीचं प्लास्टिक विरतं. पावसाळ्याआधी गोण्या काढून घेतल्या नाहीत, तर तुकडे ओढ्यातून शेतात जातात.

धारिया २०१३ साली पुण्यात वारले. बंधाऱ्याला मात्र मंत्री लागत नाही. दिवाळीआधीच्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच ठरवा: गोण्या कोण गोळा करणार आणि ओढ्यावर कधी जमायचं?