आधी कुठला पाहावा? तंजावरच्या वाटेवरचे जुने चित्रपट

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु लागतं. मराठी माणसाला या गावाची ओळख मुक्तांबाळ छत्रामुळे. दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाबाईंच्या नावाने १८०२ साली हे छत्र उभारलं. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूला इथे जेवण आणि मुक्काम मिळे, आजारी असला तर औषधपाणीही. अशा जागी आणखी एक गोष्ट फुकट मिळत असणार, ती म्हणजे सल्ला. पुढचा मुक्काम कुठे करावा, कुठली वाट टाळावी, हे परतीचा वाटसरू जाणाऱ्याला सांगे.

जुन्या चित्रपटांचे शौकीन भेटले की नेमकं हेच चालतं. ‘आधी कुठला पाहावा?’ असा एक प्रश्न, आणि चार जणांची पाच उत्तरं. हा नुसता वेळ घालवायचा धंदा वाटतो. कावेरीच्या खोऱ्यातला चित्रपटाचा इतिहास पाहिला, तर त्या गप्पांवर बरंच काही अवलंबून होतं असं दिसतं.

इथे सिनेमा आला तो फिरत. सामिकण्णु विन्सेंट हे तिरुचिरापल्लीच्या रेल्वे कचेरीतले नोकरदार. १९०५ साली द्यूपाँ नावाच्या फ्रेंच माणसाकडून त्यांनी प्रोजेक्टर आणि काही फिती विकत घेतल्या आणि गावोगाव तंबू ठोकत खेळ सुरू केले. बोलपटांच्या काळात त्याच तंबूंचे ‘टुरिंग टॉकीज’ झाले. दिवसाउजेडी तंबूत पडदा दिसत नाही, म्हणून खेळ अंधार पडल्यावरच. भक्तिगीताची तबकडी कर्ण्यावर वाजली की तिकीटविक्री सुरू झाली, असं समजायचं. सगळ्यांत स्वस्त तिकीट जमिनीचं. वाळूचा ढीग करून त्यावर बसलं की पुढच्याचं डोकं आड येत नसे. प्रोजेक्टर एकच असल्याने रीळ बदलताना दर वेळी मध्यंतर, आणि त्या मध्यंतरात गप्पा.

नवा चित्रपट आधी मद्रास, मग मदुरै-त्रिची, आणि सगळ्यांत शेवटी खेड्यातला तंबू. म्हणजे लहान गावाने जवळजवळ सगळे चित्रपट ‘जुने’ म्हणूनच पाहिले. शहरात जाऊन आलेल्याने ‘तो येईल तेव्हा सोडू नकोस’ म्हणून सांगितलेलं असे. दारात गाण्यांची पुस्तिका मिळे. तिच्यात गाणी आणि अर्धी कथा. शेवट सांगायचा नाही, उरलेलं पडद्यावर पाहा, असा तिचा रिवाज. एका अर्थी ती छापील शिफारसच.

शिफारस कधी निःपक्षपाती नव्हती. १९४० च्या दशकात एक गट मायवरमच्या एम. के. त्यागराज भागवतरांचा, तर दुसरा पुदुकोट्टैच्या पी. यू. चिन्नप्पांचा. पुढे एम.जी.आर. आणि शिवाजी गणेशन. यांतले एम.जी.आर. लहानपणी कुंभकोणमला वाढले, आणि गणेशन यांच्या घराण्याचं गाव तंजावरजवळचं सूरक्कोट्टै. ‘शिवाजी’ हे नाव त्यांना आपल्याच राजामुळे मिळालं. अण्णादुरैंच्या नाटकात त्यांनी छत्रपतींची भूमिका केली आणि ती पाहून पेरियार यांनी त्यांना ते नाव दिलं. अण्णादुरैंचं नाटक राज्याभिषेकाला झालेल्या विरोधावर बोट ठेवणारं होतं. भूमिका संपली, नाव आयुष्यभर राहिलं.

त्यांच्या चाहत्याला विचारलंत तर तो बहुधा ‘पराशक्ति’ (१९५२) किंवा ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ (१९५९) सांगेल. तंजावरच्या वाटेवर असाल तर मी ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) पुढे करीन. त्यातला नादस्वरवादक सिक्कलचा आणि नर्तिका तिरुवारूरची. दोन्ही गावं याच खोऱ्यातली. पद्मिनी जो नाच करते त्याची मांडणी पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी केली, आणि ते भाऊ होते सरफोजींच्याच दरबारात. छत्र बांधणारा राजा आणि पडद्यावरचा तिल्लाना यांच्यात इतकंच अंतर आहे.

मराठी वाचकाने मात्र सुरुवात ‘हरिदास’पासून करावी. १९४४ च्या दिवाळीत मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तो लागला आणि तिथेच त्याने एकूण तीन दिवाळ्या पाहिल्या. आईबापांना घराबाहेर काढणारा मुलगा, त्याचं बाईच्या नादी लागणं, त्याला घडलेली अद्दल, आणि मग आईबापांची सेवा. नावं बदलली तरी ही आपल्या पुंडलिकाची कथा आहे. दिग्दर्शक मंगळूरकडचे सुंदरराव नाडकर्णी, गीतं पापनाशम शिवन यांची, रंभेच्या भूमिकेत तंजावरच्या टी. आर. राजकुमारी. चित्रपट चालू असतानाच लक्ष्मीकांतन खून खटल्यात नायक भागवतर यांना अटक झाली. १९४७ मध्ये ते निर्दोष सुटले, तोपर्यंत त्यांचा काळ सरला होता. नायक गजाआड आणि चित्रपटगृह भरलेलं, असा तो योग.

पंढरपूरची कथा कावेरीकाठी इतकी आपली कशी झाली? याचं उत्तर चित्रपटाच्या आधी शोधावं लागतं. १८६४ साली रामचंद्र मोरगावकरबुवा तंजावरला आले आणि मराठी पद्धतीचं कीर्तन करू लागले. त्यावरून तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं त्या तमिळ कथेत जाऊन बसली. बोलपट आला तेव्हा श्रोत्यांच्या कानांना संतचरित्र ओळखीचं होतं. ‘हरिदास’ पाहताना काही जागा आधीच ऐकल्यासारख्या वाटतात, त्या यामुळे.

आता या गप्पांतली दुखरी बाजू. पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ (१९३१) मुंबईत तयार झाला आणि नायिका होत्या तिरुवैयारुच्या टी. पी. राजलक्ष्मी. तो आज कुणी पाहू शकत नाही. फिल्मच उरलेली नाही. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’नंतर दोन वर्षांनी कोइंबतूरच्या सेंट्रल स्टुडिओने तमिळ ‘तुकाराम’ काढला. तुकोबा झाले होते गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर, आणि हा त्यांचा एकमेव चित्रपट. तोही हरवला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा आज आपण घरी बसून पाहतो, मुसिरींचे तुकोबा फक्त लिहिलेल्या आठवणींतून कळतात. दोन्ही एकाशेजारी एक ठेवून पाहता आले असते, तर आपल्या संताला दुसऱ्या भाषेने कसा ऐकला ते उमगलं असतं.

चित्रपट हरवतात ते नुसत्या हेळसांडीने नव्हे. जुनी फिल्म नायट्रेटची. ती आपोआप सडते, पटकन पेट घेते, आणि तिच्यात चांदी असल्याने भंगारातही खपते. वितरकाचं गणित साधं होतं. जो चित्रपट तंबूतून पुन्हा मागवला जाई, त्याची प्रत सांभाळायची. ज्याला मागणी नाही, तो जागा अडवतो. मागणी कुठून येई? मध्यंतरातल्या गप्पांतून. ‘हरिदास’चं नाव लोक घेत राहिले, ‘तुकाराम’चं घेईनासे झाले. दोघांच्या नशिबातल्या फरकाचं हे सगळं कारण नसेल, पण मोठं कारण आहे असं मला वाटतं.

अपवादही आहे, आणि तो आपल्याला जवळचा आहे. पापनाशमचे के. सुब्रह्मण्यम यांनी १९३९ मध्ये ‘त्यागभूमी’ काढला. कथा कल्कींची, ती ‘आनंद विकटन’मध्ये चित्रपटातली छायाचित्रं घेऊन क्रमशः छापली जात होती. गांधीविचार आणि नवऱ्यापुढे न नमणारी नायिका, असा तो चित्रपट. इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी म्हणजे पुनःप्रदर्शन नाही, आणि पुनःप्रदर्शन नाही म्हणजे मागणी नाही. तरी तो वाचला, कारण त्याची प्रत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचली. १९६४ साली स्थापन झालेल्या या संग्रहासाठी पी. के. नायर यांनी देशभर हिंडून फिती गोळा केल्या. चाललेला, पडलेला, वाईट म्हटला गेलेला, असा भेद त्यांनी केला नाही. शिफारसीवर विसंबून जपणूक केली तर काय गमावतो, हे त्यांना कळलं होतं.

याच पुण्याच्या प्रभातने १९३४ साली बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली तमिळ ‘सीताकल्याणम्’ केला होता आणि त्याला संगीत पापनाशम शिवन यांचं होतं. पाच वर्षांनी ‘त्यागभूमी’त शंभु शास्त्रींच्या भूमिकेत दिसतात ते हेच शिवन. सरफोजींच्या काळी माणसं उत्तरेकडून येत आणि ओरत्तनाडुच्या छत्रात विसावत. तंजावरकडचा एक चित्रपट उलट वाटेने पुण्याला गेला आणि तिथे विसावला.

तेव्हा कुणी विचारलं, आधी कुठला पाहावा, तर माझा क्रम असा: ‘हरिदास’, मग ‘तिल्लाना मोहनांबाळ’, आणि मिळेल तेव्हा ‘त्यागभूमी’. चौथं नाव मुद्दाम ‘तुकाराम’चं, १९३८ च्या. तो मिळणार नाही. तरी नाव घ्यावं, कारण एखाद्या जुन्या पेटीत, एखाद्या बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर डबा सापडलाच, तर उघडणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असायला हवी.